जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स रिले: टक वाजला म्हणजे पास झाला असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाडी नव्वदच्या दशकातली ऑटोमॅटिक आहे, थंड असताना सगळे गिअर व्यवस्थित पडतात, पण चांगली तापली की अचानक दुसऱ्या गिअरमध्ये अडकते, चावी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ ठीक चालते आणि मग पुन्हा तेच. स्कॅनरवर ट्रान्समिशन रिलेचा (गिअरबॉक्सला करंट देणारा, विजेवर चालणारा स्विच) कोड येतोय. तुम्ही रिले काढून बॅटरीवर लावून बघितला, टक वाजला, म्हणून मेकॅनिक म्हणतोय रिले ओके आहे, आता गिअरबॉक्स उतरवूया.

उतरवू नका, निदान एवढ्यात तरी नको. टक वाजला याचा अर्थ एवढाच की आतली कॉइल (तारेचं वेटोळं, करंट दिला की चुंबक होऊन पट्टी ओढतं) तुटलेली नाही आणि पट्टी हलते. त्या पट्टीच्या टोकाला जे पॉइंट आहेत त्यातून करंट पुरेसा जातो का, आणि गरम झाल्यावरही जातो का, हे त्या आवाजावरून कळत नाही. आणि दुसरं म्हणजे, रिलेचा कोड आला म्हणजे रिलेच खराब असंही नाही, ते खाली येईलच.

आधी हा रिले करतो काय ते बघू, कारण ते डोक्यात बसलं नाही तर मीटरवरचे आकडे बघून चुकीचाच निष्कर्ष निघतो. गिअरबॉक्सच्या आत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह असतात, कॉम्प्युटर त्यांना चालू-बंद करून ऑइलचं प्रेशर इकडून तिकडे वळवतो आणि गिअर बदलतो. या सोलेनॉइडना लागणारे १२ व्होल्ट बऱ्याच जुन्या गाड्यांत एका रिलेमधून जातात. चावी ऑन केली की कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो, मग रिले ओढतो, म्हणजे चालू करतो, आणि रिलेच्या आउटपुटवरून एक वायर परत कॉम्प्युटरकडे गेलेली असते, तिच्यावर तो बघतो की व्होल्टेज खरंच आलं का. चालता चालता काही गडबड दिसली, सोलेनॉइडची वायर तुटली, शॉर्ट झाली, गिअरचा हिशेब जुळेना, की तो रिले सोडून देतो. सोलेनॉइडचा करंट गेला की गिअरबॉक्स निव्वळ ऑइलच्या जोरावर एकाच पुढच्या गिअरमध्ये राहतो, क्रायसलरच्या ४१टीई मध्ये तो दुसरा, काही गिअरबॉक्समध्ये तिसरा, आणि रिव्हर्स मिळतो. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद-चालू केली की कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरुवात करतो, म्हणून तुमची गाडी तेवढ्यापुरती बरी होते.

आता यातून निघणारी गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण निम्मे लोक इथंच फसतात: लिंप मोडमध्ये रिले बंदच असतो. गाडी अडकलेली असताना तुम्ही रिलेच्या आउटपुटला मीटर लावलात, शून्य व्होल्ट दिसले आणि म्हणालात "हा बघा रिले मेला", तर ते चूक, कॉम्प्युटरनेच तो सोडलाय. खरा प्रश्न असतो आधी काय झालं, पॉइंटमधून करंट जाणं थांबलं म्हणून कॉम्प्युटर घाबरला, की दुसरंच काही बिघडलं म्हणून त्याने रिले सोडला. म्हणून मीटर आधी लावून ठेवायचा, गाडी चालवत तापवायची आणि बिघाड होतानाचा क्षण पकडायचा. चालवताना मीटरकडे बघायला बाजूला दुसरा माणूस बसवा, स्वतः बघू नका. मीटरला मिनिमम-मॅक्सिमम रेकॉर्ड करायची सोय असेल तर उत्तमच.

सगळ्या ऑटोमॅटिकमध्ये असा रिले असतोच असंही नाही बरं का, जीएमच्या ४एल६०ई सारख्या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइडना सरळ फ्यूजमधून सप्लाय जातो. तुमच्याकडे रिलेचा कोड आलाय म्हणजे रिले आहे, पण फ्यूज बॉक्समध्ये नक्की कुठला ते तुमच्याच मॉडेलच्या आणि वर्षाच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा. स्टार्टर इनहिबिटरचा रिले वेगळा, शिफ्ट लॉकचा वेगळा, आणि झाकणावरची नावं जुन्या गाडीत पुसट झालेली असतात, शिवाय आधीच्या कुणी अदलाबदल केलेली असू शकते.

कोडही नीट वाचा. "रिले कंट्रोल सर्किट" लिहिलं असेल, म्हणजे पी०८८५ किंवा क्रायसलरच्या जुन्या गाड्यांत पी१७६५, तर तक्रार कॉइलच्या बाजूची आहे, कॉइल, तिची वायर, तिची अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी) जोडणी. "सेन्स सर्किट लो" असेल, पी०८९०, तर रिले ओढायचा हुकूम गेला पण पलीकडे व्होल्टेज आलं नाही, म्हणजे पॉइंट, सॉकेट किंवा वरून येणारा सप्लाय. "हाय" म्हणजे पी०८९१ असेल तर उलटं, सोडल्यावरही व्होल्टेज राहिलं, पॉइंट चिकटले. तुम्ही फक्त "रिलेचा कोड" म्हणालात, त्यात या तिन्हीपैकी कुठला ते महत्त्वाचं आहे. आणि सोबत गिअर रेशोचा कोड असेल तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण क्लच घसरत असला तरी कॉम्प्युटर लिंपमध्ये जातो आणि तेही चावी बंद-चालू केल्यावर तात्पुरतं जातं. पण घसरण असेल तर ती बहुतेक वेळा गाडीत जाणवते, आरपीएम वर जातो आणि गाडी उचलत नाही. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

आता तपासणी. हँडब्रेक ओढा, लिव्हर पी वर, चाकाखाली काहीतरी अडकवा. रिले उपटण्याआधी बॅटरी बघून घ्या, इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५, याच्या खाली असेल तर पुढची सगळी मापं फसवी येतील.

रिलेवर पायांचे नंबर असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ३० म्हणजे येणारा सप्लाय, ८७ म्हणजे रिले ओढल्यावर जाणारं आउटपुट, आणि पाचवा पाय असेल तर तो ८७ए, जो रिले बंद असताना ३० ला जोडलेला असतो. जपानी गाड्यांत नुसते १, २, ३, ५ असे आकडे दिसतात, तिथं अंदाज करू नका, रिलेच्या अंगावर छोटं चित्र छापलेलं असतं त्यावर जा. एक भानगड माहीत असू द्या, बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे, सॉकेटमध्येही बसणारे रिले दोन प्रकारचे येतात आणि त्यात ३० आणि ८६ ची जागा अदलाबदल असते. म्हणून "हॉर्नचा रिले काढून इथं लावून बघ" हा जो सोपा सल्ला सगळे देतात तो चांगलाच आहे, मीही देतो, पण दोन्हीवरचं चित्र तंतोतंत जुळत असेल तरच.

मी सुरुवात रिलेपासून नाही करत, सॉकेटपासून करतो. रिले काढा, चावी ऑन, आणि सॉकेटच्या ३० नंबरच्या भोकात व्होल्टेज बघा. इथं नुसत्या डिजिटल मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरचे सगळे तंतू तुटून एकच शिल्लक असला, गंज चढलेला असला, तरी तो छान १२.६ दाखवेल. त्या जागी हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब लावा, एक टोक ३० ला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. साधारण साडेचार अँपिअर ओढतो. बल्ब झगझगीत पेटला आणि त्याच वेळी ३० वर मोजलेलं व्होल्टेज बॅटरीपेक्षा फार तर ०.२-०.३ व्होल्ट कमी आलं तर सप्लाय चांगला. बल्ब मलूल पेटला तर रिलेला हातही लावू नका, बिघाड वर आहे, फ्यूजच्या क्लिपमध्ये किंवा वायरमध्ये. भोकात टेस्टरची जाड पिन कोंबू नका, क्लिप फाकते आणि मग नसलेला लूज कॉन्टॅक्ट तुम्हीच तयार करता.

मग ८५ आणि ८६. एकीकडे कायमचा अर्थ किंवा कायमचा सप्लाय असतो, दुसरीकडे कॉम्प्युटर. काही गाड्यांत कॉम्प्युटर प्लस देतो आणि दुसरं टोक बॉडीला असतं, काहींत प्लस कायम असतो आणि कॉम्प्युटर अर्थ देतो, डायग्राममध्ये कळेल. बॉडीकडे जाणारं टोक असेल तर ते जुन्या गाडीत पक्कं संशयित, अर्थचा बोल्ट गंजलेला असतो. रिले जागेवर बसवून, ओढलेला असताना त्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. कॉम्प्युटरच्या वायरला मात्र कधीही बल्बवाला टेस्टर लावू नका, त्याच्या आतला ट्रान्झिस्टर जेमतेम रिलेच्या कॉइलपुरता असतो, तिथं मीटर किंवा एलईडीचा टेस्टर, बस.

आता रिले टेबलावर घ्या. ८५ आणि ८६ या दोन पायांमधले ओहम मोजा. १२ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेला ७० ते १०० च्या दरम्यान येतं, काही रिले ५० ते १२० मध्येही असतात, गाडीचं पुस्तक असेल तर त्यातला आकडा खरा. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. दोन-चार ओहम आले तर कॉइल किंवा तिच्यावरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट, आणि असा रिले परत गाडीत लावू नका, कॉम्प्युटर जाईल.

डायोडबद्दल जरा थांबतो. रिले सोडताना कॉइल उलटा झटका देते, तो शंभर व्होल्टच्या वर सहज जातो, तो जिरवायला कॉइलच्या समांतर डायोड किंवा रेझिस्टर बसवलेला असतो. डायोड असेल तर प्लस-मायनसला महत्त्व येतं, सहसा ८६ ला प्लस, पण चित्र बघा. टेबलावर उलटं जोडलंत तर सगळा करंट डायोडमधून जातो आणि तो क्षणात उडतो, म्हणून तुमच्या टेस्टिंगच्या वायरमध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाकाच. आणि मीटरचा डायोड मोड इथं काही उपयोगाचा नाही, कारण समांतर असलेली कॉइल त्याचा करंट पिऊन टाकते, दोन्हीकडून सारखंच काहीतरी छोटं रीडिंग येतं. म्हणजे डायोड ओपन झालाय का ते मीटरने कळत नाही. शंका असली तर रिलेच बदला.

पुढे, कॉइलला करंट न देता ३० ते ८७ काहीच जोडणी दिसायला नको, दिसली तर पॉइंट चिकटलेत. कॉइलला १२ व्होल्ट द्या, टक, आता ३० ते ८७ जोडणी. बहुतेक लोक इथं मीटरची बीप ऐकून थांबतात. पण बीप वीस-तीस ओहमलासुद्धा वाजते, आणि ओहम वाचलेत तरी मीटरच्या वायरचेच ०.२-०.३ असतात. हिशेब करा, पॉइंटमध्ये फक्त ०.२ ओहम वाढले आणि ५ अँपिअर जात असले तर १ व्होल्ट तिथंच गेला. त्यामुळे पॉइंट ओहमवर तपासायचे नसतात, लोडवर तपासायचे. तोच ५५ वॅटचा बल्ब घ्या, बॅटरी प्लस ३० ला (मध्ये १० अँपिअरचा फ्यूज), ८७ वरून बल्ब, बल्बवरून निगेटिव्ह. रिले ओढा, बल्ब पेटेल, आणि आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक पिन ३० च्या पायाला आणि दुसरी ८७ च्या पायाला. चांगला रिले ०.१ च्या आत दाखवतो. ०.३ च्या पुढे गेला तर तो गेलाच समजा. एकदाच नाही, दहा-पंधरा वेळा ओढा-सोडा करून दर वेळी आकडा बघा, कारण पॉइंट दर वेळी थोडे वेगळ्या ठिकाणी टेकतात, नऊ वेळा ०.०५ आणि दहाव्यांदा ०.८ असं दिसलं तर तोच तुमचा चोर.

आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत हे सगळं गरम करून करायचं. थंड रिलेवरची टेस्ट तुमच्या तक्रारीला लागूच नाही, थंड असताना गाडी चांगलीच चालतेय ना. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० डिग्रीला ८५ ओहमची कॉइल ८० डिग्रीला १०५ च्या आसपास जाते. करंट कमी, ओढ कमी. नवीन रिले ८ व्होल्टच्या आत ओढतो म्हणून त्याला हे चालतं, पण स्प्रिंग आणि पॉइंट थकलेल्या रिलेला, त्यात अर्थ थोडा गंजलेला असला, तर हेच जड जातं. हेअर ड्रायर घ्या, रिले इतका तापवा की हातात धरायला नकोसा होईल, झाकण वितळेपर्यंत नाही, आणि बल्बवाली टेस्ट परत करा. चालू असतानाच स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलक्या टिचक्या मारा. बल्ब जरा जरी लुकलुकला तरी रिले बाद. ॲडजस्टेबल पॉवर सप्लाय असेल तर शून्यापासून हळूहळू वाढवत नेऊन किती व्होल्टला ओढतो तेही थंड आणि गरम असं दोन्ही वेळा लिहून ठेवा.

बाद ठरलेला रिले फेकण्याआधी झाकण उघडून बघा. पॉइंट बघा, डीसी असल्यामुळे धातू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत जातो, त्यामुळे एका पॉइंटवर बारीक टेकडी आणि समोरच्यावर खड्डा दिसतो, भोवती काळपट पडलेलं. त्याला पॉलिश पेपर मारून परत वापरणारे आहेत, मी नाही करत, वरचा थर गेला की तो आणखी लवकर जळतो. आतमध्ये सर्किट बोर्ड असलेला मोठा रिले असेल तर पॉइंटपेक्षा सोल्डर आधी बघा. लाइट तिरका धरा, पायाच्या भोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल रेघ दिसते, आणि पाय चिमटीत धरून हलवला की ती रेघ उघड-मीट होते. थंड असताना टेकलेलं असतं, तापलं की फाकतं. जुन्या होंडांचा मेन रिले आणि मर्सिडीज डब्ल्यू१२४ चा ओव्हरव्होल्टेज रिले याच कारणासाठी बदनाम आहेत. अशी रेघ असेल तर जुनं सोल्डर काढून नवीन भरलं की रिले पुन्हा चांगला चालतो, नवीन मिळत नसेल तर हे जरूर करा.

समजा रिले गरम असतानाही सगळ्यात पास झाला. मग सॉकेट उलटं करून खालून बघा, क्लिप तपकिरी किंवा निळसर झाली असेल, प्लास्टिक किंचित वितळलं असेल तर तिथं उष्णता होतेय, म्हणजे लूज आहे. क्लिप बदला, नुसती दाबून घट्ट केली तर काही महिन्यांत परत. नंतर ८७ च्या पुढे जा. रिले काढून ८७ च्या भोकापासून बॉडीपर्यंत ओहम मोजा, शून्याजवळ आलं तर पुढे वायर घासून शॉर्ट झालीय, बहुतेक वेळा एक्झॉस्टच्या जवळ. गिअरबॉक्सवरचा कनेक्टर उघडा, आत लाल तेल आलेलं असतं कधीकधी, पिना स्वच्छ करा. सोलेनॉइडचे ओहम पुस्तकातल्या आकड्याशी पडताळा, तेही तेल गरम असताना, कारण तुटायला आलेली सोलेनॉइडची कॉइलही तापल्यावरच तोंड दाखवते.

३० आणि ८७ मध्ये वायर टाकून रिले बायपास करायचा सल्लाही कुणीतरी देईलच. टेस्टसाठी, फ्यूज लावून, गाडी उभी असताना पलीकडे सप्लाय पोचतो का बघायला ठीक. तशी गाडी चालवू नका. चावी ऑन होताना कॉम्प्युटर आधी ८७ वर व्होल्टेज नाही ना हेही बघत असतो, असलं तर रिले चिकटला समजून वेगळाच कोड टाकतो, आणि काही बिघडलं तर सोलेनॉइडचा करंट तोडायचा त्याचा एकमेव मार्ग तुम्ही बंद करून टाकलेला असतो.

नवीन रिले घेताना पायांचं चित्र, व्होल्ट, अँपिअर आणि डायोड की रेझिस्टर हे चारही जुन्यासारखंच हवं. लावल्यावर कोड पुसा आणि गाडी मुद्दाम तापवून, ट्रॅफिकमध्ये, एसी चालू ठेवून चालवा, मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून काही कळणार नाही.

तुम्ही आता एवढं करा, कोडचा पूर्ण नंबर, कॉइलचे ओहम थंड आणि गरम, बल्बच्या लोडवर ३० ते ८७ चा व्होल्टेज ड्रॉप थंड आणि गरम, आणि बिघाड झाला त्या क्षणी ८७ वर आणि कॉइलवर काय दिसलं ते लिहून पाठवा. कॉइलवर १२ व्होल्ट होते आणि ८७ आधी पडलं असेल तर रिले किंवा सॉकेट, कॉइलचं व्होल्टेज आधी गेलं असेल तर कॉम्प्युटरने सोडलाय आणि मग आपण सोलेनॉइडकडे बघू.